रतनजोतीचं कुंपण

संघप्रिया रामटेके पहिल्यांदा हिवरटोल्याच्या अंगणवाडीत आली त्या दिवशी दुर्गाबाईने तिला बस म्हटलं नाही. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर दुर्गाबाई बसली होती. संघप्रियाने पुस्तकांची पत्र्याची पेटी ऑटोतून उतरवली, ओढत आत आणली आणि कुठे ठेवू म्हणून विचारलं.

"ठेवा कुठीबी," दुर्गाबाई म्हणाली. "तुमचंच राज्य आहे आता."

हिवरटोला सावली तालुक्यातलं धानाचं गाव. तीन बाजूंनी भाताच्या बांध्या, चौथ्या बाजूला झुडपी जंगल. दुर्गाबाई तिथे बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका होती. संघप्रिया सव्वीस वर्षांची, मूल गावची, डी.एड. झालेली आणि नोकरी न मिळालेली. एका संस्थेने तिला चार गावं दिली होती. प्रत्येक गावात चित्रांच्या पुस्तकांची एक पेटी. आठवड्यातून एकदा लहान मुलांना एक पुस्तक वाचून दाखवायचं, मग त्यांना बाहेर फिरवून पुस्तकात होतं त्यातलं काय आपल्या गावात सापडतं ते शोधायचं, आणि सापडेल त्यातून हाताने काहीतरी बनवायचं. हिवरटोल्याला शनिवार आला. राहायला खोलीही तिने तिथल्याच बौद्ध वस्तीत घेतली.

मुलांना शनिवार आवडला, आणि भांडण तिथूनच सुरू झालं. मुंग्यांचं पुस्तक वाचलं की मुलं ओळीने वारुळापर्यंत जायची, उकिडवी बसून पाहायची, आणि परत येऊन ओल्या मातीचं वारूळ करायची. पानांचं पुस्तक वाचलं त्या दिवशी पळसाच्या पानांचे हत्ती झाले, सागाच्या पानांची कासवं झाली. जी पोरं रोज सकाळी आईच्या पदराला धरून रडत यायची, ती शनिवारी आठ वाजताच दारात उभी असायची. दुर्गाबाईने त्यांची नाकं पुसली होती, वजनं केली होती, त्यांच्या आयांनाही याच खोलीत अक्षरं शिकवली होती. बावीस वर्षांत तिला कोणी रंगीत पुस्तकांची एक पेटी आणून दिली नव्हती. हे ती कोणाला बोलली नाही. ती फक्त म्हणायची की पोरं चिखल घेऊन येतात, आणि जंगलात वाघ आहे.

वाघ होताच. म्हणून संघप्रिया साडेनवाच्या आधी निघत नसे, दोन बायका सोबत घेई आणि बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पुढे पाऊल टाकत नसे. दुर्गाबाईला हे माहीत होतं. तरी ती गावात सांगत राहिली की म्याडम पोरांले जंगलात नेते.

एका शनिवारी पेटीला कुलूप होतं आणि किल्ली हरवली होती. पुढच्या शनिवारी किल्ली सापडली, पण ओसरीत वाळत ठेवलेले पानांचे हत्ती नव्हते. खिचडीची चूल पेटवायला दुर्गाबाईने ते जाळले होते. संघप्रियाने तिला एक शब्द विचारला नाही. तिने घरी जाऊन दोन पानांची तक्रार लिहिली आणि दुर्गाबाईच्या पर्यवेक्षिकेकडे नेऊन दिली. त्यात हत्ती होते, कुलूप होतं, आणि अंगणवाडीचं कुंपण रतनजोतीचं आहे, त्याच्या बिया विषारी असतात, तरी बाई ते तोडत नाही, हेही होतं. दुर्गाबाईला नोटीस आली. बावीस वर्षांतली पहिली.

"कुंपण मी नाई लावलं," दुर्गाबाई तिला म्हणाली. "आन बावीस वर्षांत त्यानं कोणी मेलं नाई. तुम्ही यायच्या आधी इथी सगळं बरं होतं."

त्यानंतर दोघी एकाच खोलीत एकमेकींशी न बोलता वावरू लागल्या. निरोप मुलांमार्फत जायचे.

दिवाळीनंतर धान कापणीला आलं. सगळं गाव बांध्यांत होतं. अंगणवाडीची मदतनीससुद्धा कापणीला जाऊ लागली, आणि एकोणीस मुलं एकट्या दुर्गाबाईवर पडली. त्या आठवड्यात संघप्रियाने बीचं पुस्तक काढलं. त्यात एक बी वाऱ्यावर उडत जाते, दुसरी पाण्यातून वाहत जाते, तिसरी पाखराच्या पोटातून जाते. एका पानावर बी मधोमध चिरलेली होती आणि आत इवलासा कोंब झोपलेला. त्या पानापाशी मुलं थांबली. गावातल्या देवाजीची नात रीना, पाच वर्षांची, तिने बोट ठेवून विचारलं की सगळ्याच बियांत असं बाळ असते का.

"असते," संघप्रिया म्हणाली. "चला, पाहू."

बोडीच्या वाटेवर त्यांनी करंजाच्या शेंगा वेचल्या, चिंचोके वेचले, सीताफळाच्या, बोराच्या, शिरिषाच्या बिया घेतल्या. संघप्रियाने प्रत्येकाच्या हातात एक गोटा दिला, बी सपाट दगडावर कशी धरायची आणि बोट न चेचता कशी फोडायची ते दाखवलं. ऑटोवाल्या अयूबची मुलगी आयत सगळ्यांत हुशार निघाली. तिने एका फटक्यात बोराची आठळी फोडली. एका झुडपावर गुंजेचा वेल होता, लाल बिया आणि त्यांवर काळे ठिपके. मुलं तिकडे धावली. गुंज पोटात गेली तर जीव घेते हे संघप्रियाला माहीत होतं. तिने मुलांच्या हातांतल्या सगळ्या गुंजा काढून घेतल्या आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. परत आल्यावर प्रत्येकाने पुठ्ठ्यावर आपापल्या बिया चिकटवल्या. दुर्गाबाई दारात उभी राहून पाहत होती. ओढणीच्या गाठीतून एक गुंज खाली पडली, तीही तिने पाहिली.

सोमवारी संघप्रिया दुसऱ्या गावाला गेली होती. दुपारी ती परतली तेव्हा देवाजीच्या घरापुढे लोक जमले होते. रीना आईच्या मांडीवर होती. तिला उलट्यांवर उलट्या होत होत्या, ओठ पांढरे पडले होते. आयत शेजारी पोट धरून बसली होती. देवाजी गावातला जुना माणूस, पूर्वी दोनदा पंचायतीचा मेंबर. त्याने संघप्रियाला पाहिलं आणि काठी उचलली. मारली नाही, पण खालीही केली नाही.

"काय चारलं माह्या नातीले?"

संघप्रियाला काही समजेना. मग गर्दीतून दुर्गाबाईचा आवाज आला.

"गुंजा वाटल्या तिनं पोरांले शनवारी. मी माह्या डोयानं पाह्यल्या."

संघप्रिया म्हणाली की वाटल्या नाहीत, काढून घेतल्या होत्या. कोणी ऐकलं नाही. गुंज हा शब्द ऐकताच रीनाची आई नूतन तिला उचलून उभी राहिली. अयूबने ऑटो दारापर्यंत आणला. नूतन रीनाला घेऊन बसली, अयूबची बायको कनीज आयतला घेऊन बसली. संघप्रिया धावत अंगणवाडीत गेली, बियांचे पुठ्ठे उचलले आणि येऊन ऑटोत चढू लागली. नूतनने तिचा हात झटकला. तो ऑटोच्या दांडीवर आपटला.

"तू नको येऊ."

"डॉक्टर विचारतील कोणती बी," संघप्रिया म्हणाली. "तुम्ही काय सांगाल?"

अयूब मागे न वळता म्हणाला, "बसू द्या तिले. उशीर होऊन राह्यला." ती त्याच्या शेजारी बसली. सावलीचा दवाखाना येईपर्यंत ऑटोत कोणी तिच्याशी बोललं नाही. एकदा मात्र कनीज मागून म्हणाली, अगदी शांतपणे, "माह्या पोरीले काई झालं तं मी तुमाले सोडणार नाई, बाई." संघप्रियाने मान हलवली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने पहिला प्रश्न तोच विचारला, बी कोणती? गुंज असेल तर रीनाला लगेच चंद्रपूरला हलवायला हवं, दुसरी काही असेल तर इथेच पाहता येईल. रीना बोलण्याच्या स्थितीत नव्हती. संघप्रियाने पुठ्ठे आयतपुढे धरले. ओढणीची गाठ शनिवारपासून तशीच होती. ती सोडून तिने गुंजाही तळहातावर ठेवल्या.

"यातलं काय खाल्लं, आयत?"

आयतने गुंजांकडे पाहिलं. "हे नाई. हे तं तुमी घेऊन टाकलं." मग तिने एकेका पुठ्ठ्यावरून नजर फिरवली. "इथी नाईच हाय ते."

"मग कुठली?"

"अंगणवाडीच्या मांगची. काळी, लांबट. आतमधून पांढरी निंगते. शेंगदाण्यासारखी लागते." तिने एकच खाल्ली होती. रीनाने पुष्कळ खाल्ल्या.

डॉक्टरने विचारलं, मागे कसलं झाड आहे? संघप्रिया म्हणाली, रतनजोत. डॉक्टरने श्वास सोडला आणि नर्सला सलाईन आणायला सांगितलं. रतनजोत असेल तर उलट्या-जुलाब होतील, पाणी कमी होऊ द्यायचं नाही, रात्रभर लक्ष ठेवायचं. बहुधा निभावेल. नूतनने तेवढं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

संध्याकाळच्या आत आयतला बरं वाटू लागलं. कनीज पाणी आणायला गेली तेव्हा संघप्रिया आयतच्या खाटेपाशी बसली. तिच्या मनात एक गोष्ट केव्हाची सलत होती. रतनजोतीच्या बीचं टरफल टणक असतं. मुलं बावीस वर्षं त्या कुंपणाशेजारी खेळत होती आणि कोणी खाल्ली नव्हती.

"तुम्ही ती बी फोडली कशी गं?"

"तुमी शिकवलं तशी," आयत म्हणाली. "गोट्यानं. रीना म्हणे बाळ पाहू. बाळ होतं आतमधी. मंग तिनं चाखून पाह्यलं."

संघप्रियाने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. कनीज आली तेव्हा ती उठून बाहेर गेली.

मंगळवारी सकाळी रीना उठून बसली. तोवर अयूबने गावात सांगून टाकलं होतं की गुंज नव्हती, कुंपणातली रतनजोत होती. गाव एका रात्रीत फिरलं. सोमवारी संघप्रियाचं काही न ऐकणाऱ्या बायका आता तिच्या दारात येऊन दुर्गाबाईबद्दल बोलू लागल्या. बाईनं खोटं सांगितलं, बाईचं ध्यान नव्हतं, बाई खिचडीचा तांदूळ घरी नेते, बाईचा बापही असाच होता. संघप्रिया ऐकून घेत होती. तिला गोड वाटत होतं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. हत्ती जाळले तेव्हा दुर्गाबाईच्या तोंडावर जे समाधान होतं, तेच आता आपल्या तोंडावर असेल, असं तिला वाटलं.

बुधवारी सकाळी, कापणीला जायच्या आधी, पंचायतीपुढे बैठक बसली. पर्यवेक्षिकाही आली होती. दुर्गाबाई ओट्याच्या एका कोपऱ्यात पदर घट्ट ओढून बसली होती. तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. देवाजी उभा राहिला. तो म्हणाला की ही बाई आम्हाला नको. नोटीस आली तरी कुंपण तोडलं नाही, पोरीकडे ध्यान दिलं नाही आणि वरून दुसरीवर आळ घेतला. हिला काढा आणि पोलिसात द्या. लोकांनी होकार दिला. पर्यवेक्षिकेने कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुर्गाबाईला काय सांगायचं आहे ते विचारलं. दुर्गाबाई म्हणाली की तिला काही सांगायचं नाही. मग पर्यवेक्षिका संघप्रियाकडे वळली. तक्रार तुझी होती, तूच बोल.

संघप्रिया बोलायला उठली तेव्हा तिचं ठरलेलं काही नव्हतं. तिने आधी जे सगळ्यांना माहीत होतं तेच सांगितलं. मग तिने विचारलं की कुंपण कोणी लावलं.



"सरकारी योजना आली होती," ती म्हणाली. "डिझेलचं झाड म्हणून रोपं वाटली होती. पंचायतीच्या जुन्या फोटोत आहे, मी पाह्यलं. वाटणारे देवाजीभाऊ आहेत. अंगणवाडीपुढचा खड्डाही तेच खोदून राह्यले. आज गावात सतरा घरांच्या कुंपणात रतनजोत आहे. देवाजीभाऊच्या गुरांच्या कोठ्यामागंही आहे. बाईले काढलं तं ते सतरा कुंपण निघणार आहेत का?"

देवाजी म्हणाला, त्याचा इथे काय संबंध. आवाज चढू लागले. संघप्रियाला इथे थांबता आलं असतं.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "बी फोडायले मी शिकवलं. गोटा मी दिला पोरींच्या हातात. बीच्या आतमध्ये बाळ असते हे मी सांगितलं. त्या तेच पाहत होत्या. गुंजा तेवढ्या मी काढून घेतल्या, पण कुंपणातली बी खाऊ नका, हे काही त्यांना सांगितलं नाही. मले माहीत होतं ती विषारी आहे. मी ते तक्रारीत लिहिलं. पोरांले नाई सांगितलं."

सगळे एकदम बोलू लागले. नूतन उभी राहिली आणि म्हणाली, "दोघीबी सारख्याच. तुमच्या भांडणात माही पोर मेली असती." आणि ती निघून गेली. तिच्या मागे अर्ध्या बायका उठल्या. देवाजी जाता जाता संघप्रियाच्या पायांपुढे थुंकला. ती त्याच्याच वस्तीतली, भाऊ म्हणून रोज नमस्कार करणारी पोर, आणि तिने त्याला गावासमोर उघडं केलं होतं.

ठरलं ते असं: दुर्गाबाईला पर्यवेक्षिकेने लेखी समज दिली, काढलं नाही. अंगणवाडीचं कुंपण पंचायतीने आठ दिवसांत उपटायचं. पेटी राहील, पण म्याडमने पोरांना खोलीबाहेर न्यायचं नाही. संस्थेने संघप्रियाला दुसरी गावं घे म्हणून फोन केला. तिने नको म्हटलं.

ओटा रिकामा झाल्यावर दुर्गाबाई तिच्यापाशी आली.

"तुले चूप राह्यता येत होतं."

"हो."

"मंग काऊन बोलली?"

"खरं होतं म्हणून."

"माह्यावर उपकार केला असं समजू नको," दुर्गाबाई म्हणाली. "तू नोटीस आणली ते मी मरेपर्यंत भुलणार नाई."

"मीही हत्ती भुलणार नाई, बाई."

दुर्गाबाईने मान हलवली, जणू हिशेब पटला, आणि ती मुलांची खिचडी लावायला गेली.

त्यानंतरचे शनिवार वाईट गेले. पहिल्या शनिवारी चार मुलं आली, दुसऱ्या शनिवारी तीन. संघप्रिया बंद खोलीत पुस्तक वाचायची आणि मुलं खिडकीकडे पाहत बसायची. झाडाचं चित्र दाखवून कागदाचं झाड कापायचं, यात त्यांचं मन लागेना. कुंपण उपटलं गेलं. त्या जागी बाभळीच्या काट्या आल्या. गावातल्या सतरांपैकी पाच घरांनी आपापली रतनजोत तोडली, बाकीच्यांनी नाही. वस्तीत तिच्याशी बोलणं तुटलं होतं. नळावर ती आली की बायका आपल्या कळश्या उचलून घ्यायच्या.

माघात एका शनिवारी कनीज आयतला घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तिने सांगितलं की पोरगी घरात दिसेल ती बी फोडते, ओरडलं तरी ऐकत नाही, काल बिब्बा फोडता फोडता वाचली. कोंडून ठेवलं तर ती चोरून करेल. त्यापेक्षा तिला कळू दे, काय हात लावायचं आणि काय नाही.

"मी संग येतो," कनीज म्हणाली. "आपल्या डोयानं पाह्यतो. तुमच्या भरोशावर नाई सोडत."

संघप्रिया म्हणाली की पंचायतीची मनाई आहे. कनीजने सांगितलं की अयूब सकाळीच पंचायतीत बोलून आला. आया सोबत असतील तर जा, असं ते म्हणाले. थोड्या वेळाने नूतनही रीनाचा हात धरून आली. तिने संघप्रियाकडे पाहिलं नाही. ती कनीजशी बोलली. त्यांच्या मागे वीस पावलांवर देवाजी काठी घेऊन येत होता.

ते अकरा जण निघाले, सहा मुलं आणि पाच मोठी माणसं. पाचवी दुर्गाबाई होती. पोरं अंगणवाडीच्या पटावर आहेत, काही झालं तर मान माझीच कापतील, म्हणून मी येते, असं तिने मदतनीसला मोठ्याने सांगितलं आणि चपला घातल्या.

संघप्रियाच्या हातात या वेळी पुस्तक नव्हतं. कोरे पुठ्ठे होते, आणि काळ्या-लाल खडूच्या दोन कांड्या. प्रत्येक झाडापाशी थांबायचं, पान काढायचं, खायचं असेल तर काळी खूण, नसेल तर लाल. घरी जाऊन त्याच पानांचं पुस्तक शिवायचं होतं. पण पहिल्याच झाडापाशी देवाजीने मुलांना मागे सारलं आणि स्वतः पुढे झाला.

"हे खाल्लं तं काय होते?"

"करंज आहे, भाऊ. खायचं नाही. कडू असते, उलटी होते."

"हे?"

"हे बोर. खायचं."

"आन हे?"

तो प्रत्येक झाडाला काठी लावून विचारत गेला, परीक्षा घेतल्यासारखा, आणि संघप्रिया उत्तर देत गेली. त्याचा आवाज एकदाही मऊ झाला नाही. बोडीच्या पाळीवर त्याने एका वेलाला काठी लावली. वेलाला लहान, गोल, लालसर फळं होती. संघप्रियाने वाकून पान पाहिलं, देठ पाहिला.

"हे मले माहीत नाई," ती म्हणाली.

देवाजी काही बोलणार होता. मागून दुर्गाबाई बोलली. बोलताना ती संघप्रियाकडे नाही, बोडीच्या पाण्याकडे पाहत होती.

"शिवलिंगी आहे ते. बाया औषधाले नेतात. पोरांनी हात लावायचा नाई."

संघप्रियाने पुठ्ठ्यावर लाल खूण केली आणि नाव नीट लिहिता यावं म्हणून विचारलं, "शिवलिंगीच ना, बाई?"

"एकदा सांगितलं ना," दुर्गाबाई म्हणाली. "पुढं चाला. ऊन होऊन राह्यलं."